बांधाकडचे चार वरंबे

६ नोव्हेंबर

दादा,

"त्याने खरंच काही केलं नव्हतं ना गं?" असं काल आईने मला विचारलं. हातातलं ताट तिने ओट्यावर ठेवलं, नळ बंद केला आणि माझ्याकडे न बघता विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. आजही देता येत नाही, म्हणून हे पत्र.

तुझा पत्ता ट्रकवाल्याने दिला. तू रंगाच्या कारखान्यात लागलायस आणि मागच्याच खोल्यांत राहतोस, एवढंच तो सांगतो. पुढे काही विचारलं की त्याला लगेच टायरची हवा बघायची असते. फोन केला तर तू उचलत नाहीस. चुकून उचललास तर "आईला दे" म्हणतोस. पत्राला तसं म्हणता येणार नाही. फार तर फाडशील. पण फाडणारासुद्धा पहिली ओळ वाचतोच.

इथे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा तसाच आहे. मी शहरातली नोकरी सोडून परत आले, हे तुला आईने सांगितलं असेलच. बटाटा उत्पादक संघाने मला पिकांवरच्या रोगांसाठी ठेवून घेतलंय. पगाराचं विचारू नकोस. संघाच्या कचेरीत मला टेबल मिळालंय, खुर्ची अजून यायची आहे. पत्रांच्या कपाटाशेजारी स्टूल आहे, त्यावर बसते.

प्रयोगशाळा मी तुझ्या खोलीत थाटली आहे. रागावू नकोस, खाट हलवलेली नाही. खिडकीखालच्या फळीवर प्लॅस्टिकच्या डब्या मांडल्यात, त्यात ओल्या टिपकागदावर बटाट्याची पानं. आई म्हणते, "लोकांच्या घरी डब्यांत लोणची असतात, आमच्याकडे रोग असतो."

पदवी घेतानाचा माझा फोटो तू ठोकला होतास तसाच अजून वाकडा आहे. मी सरळ करत नाही.

गेल्या हंगामातलं तुला काय लिहू, तू होतासच. पण आपण दोघं त्याबद्दल एक शब्द बोललेलो नाही, म्हणून एकदा लिहिते. करपा आला. सगळ्यांच्या शेतांवर तू फवारलं होतंस आणि सगळ्यांचाच पाला काळा पडला. संघाच्या खोलीत बांधापलीकडचे तात्या उभे राहिले आणि म्हणाले, "यानं औषधात पाणी नाही घातलं. पाण्यात औषध घातलं, तेही वास येण्यापुरतं." लोक हसले. उरलेलं औषध तू बाहेर विकलंस, असंही कोणीतरी मागून म्हणालं. तू कोणाला उत्तर दिलं नाहीस. तू माझ्याकडे बघितलंस. मी सुट्टीवर आले होते, दाराशी उभी होते, आणि खोलीत शिकलेली मी एकटीच होते. मी म्हणाले, "तपासल्याशिवाय काही सांगता येणार नाही."

ते खरं होतं, दादा. मी आजही तेच म्हणेन. पण त्यानंतर तू घरी आलास, फवारणीचा पंप धुतलास, उलटा ठेवलास आणि बॅग भरलीस.

तपासायला सुरुवात केली आहे, हे सांगायला लिहिलं.

तुझी बटाट्यांची डॉक्टरीण
(हे नाव तूच ठेवलेलं. आता सगळं गाव वापरतं, चेष्टेत.)


१५ नोव्हेंबर

दादा,

उत्तर नाही आलं. मी वाट बघत नव्हते. पोस्टमन समोरून गेला की दार उघडते, ते हवेसाठी.

कळलेलं सांगते. नदीकडच्या तीन-चार शेतांत यंदाही डाग दिसले. तिथली पानं आणली. निरोगी पानं वेगवेगळ्या औषधांत बुडवून डब्यांत ठेवली आणि त्यांवर हा रोग सोडला. आपलं नेहमीचं औषध, जे झाडात शिरून आतून काम करतं, ते कमी दिलं, सांगितलेलं दिलं, त्याच्या कितीतरी पट दिलं. सगळ्या डब्यांत पानं सारखीच कुजली. नुसत्या पाण्यातलं पान आणि औषधातलं पान शेजारी ठेवून आईला म्हटलं, ओळख. तिने चष्मा पुसून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "दोन्ही मेलेली. यात ओळखायचं काय?"

तेच तर सांगायचं आहे. या रोगाला ते औषध पचलं आहे. जे जंतू औषधाने मरण्यासारखे होते ते कधीच मेले. ज्यांना काही होत नव्हतं ते उरले, आणि त्यांचीच पिलावळ आता सगळीकडे आहे.

शहरातल्या माझ्या कॉलेजच्या मॅडमना नमुना पाठवला होता. त्यांचाही तोच निकाल आला.

तू म्हणशील, मी तर औषध फिरवून मारत होतो. मला माहीत आहे. संघाच्या सभेत सांगितलं होतं, एकच औषध सारखं मारू नका, बदलत राहा. आणि इतरांनी ऐकून सोडून दिलं तरी तू मनावर घेतलं होतंस. तुझे रिकामे डबे अजून गोठ्यामागे आहेत. पहिल्यांदा लाल, मग निळा, मग हिरवा, मग परत लाल. मी ते तिन्ही डबे धुऊन पुसून दुकानदाराच्या गल्ल्यावर मांडले.

"हे तिन्ही वेगळे का?"

"वेगळेच की. तीन कंपन्यांचे आहेत."

"आतलं औषध?"

"आतलं मी चाखून बघत नाही, बाई."

"मागे बारीक अक्षरात लिहिलंय. वाचा."

त्याने वाचलं. मग लाल डबा फिरवून निळा वाचला, मग हिरवा. तिन्हींत एकच घटक. डबा खाली ठेवत तो म्हणाला, "मला लोक रंगावरूनच मागतात. निळा द्या, हिरवा द्या. मी दिला." त्यात त्याची लबाडी मला दिसली नाही. गावातलं कोणीच डबा उलटा करत नाही. तू फिरवलेस ते डबे, औषध नाही. रोगाला तर वाटलं असेल, रोज तेच ताट नव्या रुमालाने झाकून येतंय.

हसलास का? मी लिहिताना हसले. पण खोलीत हसायला कोणी नव्हतं, म्हणून ते विचित्र वाटलं.

आपल्या मोठ्या शेतात मी नवं तपासलेलं बेणं लावलंय. पानावर नुसतं बसून राहणारं जुनं साधं औषध मारते, रोग यायच्या आधीच. ते अजून चालतं, कारण ते रोगावर एकाच ठिकाणी घाव घालत नाही. फक्त पाऊस पडला की धुऊन जातं आणि पुन्हा मारावं लागतं. पंप तुझाच वापरते. पाठीवर जड लागतो. पट्टा लांब होतो, पंप कमरेवर आपटतो.


२० नोव्हेंबर

दादा,

तात्यांकडे गेले होते. मुद्दाम दुपारी गेले, म्हणजे ओसरीवर चार माणसं असतात.

मी डब्या नेल्या, मॅडमचा कागद नेला, फोटो दाखवले. तात्यांनी कागद हातात घेतला, उलटा करून बघितला, परत दिला.

"डबीत पान ठेवलं की कुजणारच. माणूस ठेवला तरी कुजेल."

"तात्या, औषध न लावलेलं आणि लावलेलं—"

"हे बघ पोरी, तू शिकलीस, चांगलं केलंस. माझ्या नातीला मी तुझंच नाव सांगतो. पण तुझा भाऊ आहे तो. तुझ्या डबीत तुझ्या भावाविरुद्ध काही उगवेल का?"

हे त्यांनी भांडून म्हटलं नाही, समजुतीने म्हटलं. म्हणून जास्त लागलं.

"मग काय दाखवू म्हणजे पटेल?"

"शेतात दाखव. डबा मी विकत आणणार. सील मी फोडणार. माझा पंप, माझं पाणी, माझा हात. त्यावरही रोग आला, वाढत गेला आणि झाड खाऊन टाकलं, तर मी संघाच्या सभेत उभा राहून सांगेन की तुझ्या भावाचा दोष नव्हता. जिथं बोललो तिथंच सांगेन. पण पहिल्या दिवशी दोन डाग दाखवून नाचायचं नाही. चांगले चार दिवस बघायचं. आणि मोबाइलमधलं काही नको. पान मी हातात घेणार."

"कबूल."

"आणि त्याचा पंप मधे नाही. त्याच्या पंपाचं तोंडसुद्धा माझ्या बांधावर दिसायला नको."

जागा तुला कळली असेल. बांधाकडचे चार वरंबे. मी येण्याआधीच आईने तिथे घरचं बेणं लावून टाकलं होतं. गेल्या वर्षीच्या काळ्या पडलेल्या पिकातलं, वरून धडधाकट दिसणारं. मी नको नको म्हटलं. पण घरचं बेणं फेकून देणं या गावात कोणाला जमतं? "बाबांच्या हातचं आहे ते," म्हणाली. बाबांना जाऊन किती वर्षं झाली, पण ती खरं बोलत होती. त्याच बटाट्याचा बटाटा, त्याचा बटाटा, असं ते चालत आलेलं. मी ते वरंबे उपटायला निघाले होते, कारण रोग बेण्यातूनच येतो. आता ते उपटायचे नाहीत असं ठरलं.

तात्यांनी काल येऊन फवारलं. सगळं स्वतः केलं. डबा फोडताना मला वास घ्यायला लावला. "आहे ना औषध? पाणी नाही ना?"

मी म्हटलं, "औषधच आहे."

मनात धाकधूक आहेच. चार वरंब्यांच्या पलीकडे लगेच तात्यांचं शेत आहे. मी त्यांना म्हटलं, तुमच्याही पिकावर ते साधं औषध मारून ठेवा. ते म्हणाले, आधी तुझं खरं ठरू दे. पण हवा कोरडी आहे. कोरड्या हवेत हा रोग फार हातपाय पसरत नाही. मी रोज दोनदा बघते.

मी हे तुझ्यासाठी करते आहे असं समजू नकोस. गावाला खरं कळलं नाही तर पुढच्या वर्षीही सगळे रंग बघूनच डबे घेतील. पण तुझ्यासाठीही करते आहे.


२४ नोव्हेंबर

तू काल फोन केलास. मी शेतात होते. आई म्हणाली, तू तिच्या खोकल्याचं विचारलंस. छपराचं विचारलंस. शेजारची मांजर व्याली का, तेसुद्धा विचारलंस.

"माझं काही विचारलं?"

आई म्हणाली, "तू नव्हतीस ना घरात."

जणू घरात नसलेल्या माणसाबद्दलच विचारायचं नसतं. मग तू नसताना तुझ्याबद्दल आम्ही दोघी काय करतो?

आईला खोकला आहे हे मला माहीत नव्हतं. ती माझ्यासमोर खोकत नाही.


२७ नोव्हेंबर

दादा,

आले. डाग आले.

सकाळी दुसऱ्या वरंब्याला, खालच्या पानांवर. तेलाचा थेंब पडावा तसे ओलसर, मध्ये काळे, कडेला फिकट हिरवा पट्टा. पान उलटं केलं तर काठाला पांढरी लव. एवढी नाजूक असते ती, दादा. ही गोष्ट माणसाला उपाशी ठेवू शकते, यावर विश्वास बसत नाही. तात्यांनी सांगितलं तसं औषध, सांगितलेल्या मापात, त्यांच्याच हाताने मारलेलं. आणि त्यावर ही लव.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मी वरंब्यात उकिडवी बसून हसत होते. आई बांधावरून ओरडली, "काय सापडलं?" मी ओरडले, "रोग!" तिने कपाळावर हात मारला.

तात्यांकडे धावत गेले तर ते गावात नाहीत. त्यांच्या मुलीचं बाळंतपण अडलं म्हणून तिच्या गावी गेलेत, दवाखान्यात. रविवारी येतील. इतरांना म्हटलं, तुम्ही तरी बघायला चला. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. तात्या आल्याशिवाय नको. बोलले होते तात्या, बघतीलही तात्याच.

म्हणजे रविवारपर्यंत हे वरंबे तसेच ठेवायचे. तात्यांचे चार दिवसही तेव्हाच भरतील.

एक गोष्ट मी मागच्या पत्रांत लिहिली नाही. ती टाळत होते. हे वरंबे फार तर एवढंच सांगतील की गेल्या वर्षी औषध चालणार नव्हतं. तू पूर्ण मापाने मारलं असतंस तरी पीक गेलं असतं आणि नुसतं पाणी मारलं असतंस तरी गेलं असतं. तू काय मारलंस, हे कोणत्याही पानावर दिसत नाही. तात्यांना हा फरक कळणार नाही, लोकांनाही नाही. आईला कळला नसता तर बरं झालं असतं. पण तिने विचारलं ते नेमकं तेच विचारलं. आणि मी शिकलेय म्हणून मला तिच्या प्रश्नाला बगल देता येत नाही.

तुला विचारू का? नको. तू तेव्हा माझ्याकडे बघितलंस ते मी विचारावं म्हणून नव्हतं.

संध्याकाळ होत आलीये. तुझ्या खोलीत बसून लिहितेय. डब्यांना ओल्या मातीचा वास येतो. पूर्वी इथे तुझ्या तेलाचा आणि रॉकेलचा यायचा.


३ डिसेंबर

दादा,

हे सावकाश वाच. गुरुवारपासून सुरुवात करते.

गुरुवारी सकाळी धुकं पडलं आणि दुपारपर्यंत उठलंच नाही. रेडिओवर सांगितलं, संध्याकाळपासून रिमझिम, दोन-तीन दिवस, आणि वारा. मी बांधावर जाऊन रुमाल धरला. वारा आपल्याकडून तात्यांच्या शेताकडे. चारही वरंब्यांत डाग पसरले होते आणि पानांखाली सगळं पांढरं. एका पानावर किती बीजाणू असतात ते मी कॉलेजात मोजलेलं आहे. तो आकडा तुला सांगत नाही, तुला झोप लागणार नाही. भिजल्या हवेत ते वाऱ्यावर बसून जातात. पलीकडे तात्यांचं सबंध शेत, त्यावर तेच न चालणारं औषध मारलेलं. म्हणजे उघडंच.

तात्यांना फोन लावला. दवाखान्याचा गोंगाट ऐकू येत होता.

"तात्या, हवा बिघडलीये. मला वरंबे उपटावे लागतील. नाहीतर तुमच्याकडे जाईल."

"रविवारी येतो मी."

"रविवारपर्यंत उशीर होईल."

"अगं, इथं माझी पोर टेबलावर आहे, आणि तुला वरंब्यांचं पडलंय. हात लावायचा नाही. लावलास तर मी समजेन."

"काय समजाल?"

"जे समजायचं ते."

आणि फोन ठेवला. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांच्या जागी मीही ठेवला असता.

मी स्टुलावर जाऊन बसले. संघाच्या खोलीत कोणी नव्हतं. तू जिथे उभा होतास तिथे आता खताची पोती रचलीत. मी हिशोब घालत होते. मूठभर झाडं ठेवायची, बाकीची काढायची? रोगाला मूठभर पुरतात. वरून प्लॅस्टिक घालायचं? आत दमट होऊन आणखी वाढेल. साधं औषध वरून मारायचं? मग तात्या म्हणतील, हिने काहीतरी मारलं, आता काय बघायचं. पानं काढून डब्यांत ठेवायची? डब्या तर त्यांनी आधीच उडवून लावल्या होत्या. असंही वाटलं, की हा रोग कुठूनही येऊ शकतो. नदीकडे आहेच, कोसभरावरून उडत येतो. आपण उपटलं तरी तात्यांचं शेत वाचेल याची खात्री मला तरी कोण देणार? कोणीच नाही. पण आपल्या शेतातून गेला नाही, एवढी खात्री फक्त मीच देऊ शकत होते.

दुपारी जरा ऊन पडलं. पानं सुकली. ओल्या पानांना हात लावला की रोग हाताबरोबर फिरतो, म्हणून तेवढ्यासाठीच थांबले होते. विळा घेऊन उतरले.

आई आली. थोडा वेळ बघत राहिली.

"हे त्याच्यासाठी ठेवलं होतंस ना?"

"हो."

"मग?"

"पाऊस येतोय, आई."

ती घरात गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती दुसरा विळा घेऊन आली. गुडघा वाकत नाही म्हणून बसून सरकत सरकत कापत होती. आम्ही सगळा पाला कापला, मुळं खणली, बोराएवढे बटाटेसुद्धा वेचले. बाबांच्या हातचं बेणं. कोपऱ्यात खोल खड्डा घेतला, त्यात सगळं टाकलं, वर माती लोटली आणि पायांनी दाबली. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून माती तुडवत होतो. लांबून कोणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, या मायलेकी नाचतायत कशाला?

"आता कसं कळणार गं?" आई म्हणाली.

"नाही कळणार."

"त्याने केलं नव्हतं ना काही?"

"मला माहीत नाही, आई. आणि मी आता ते तपासणार नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. एवढं सरळ तिने माझ्याकडे बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. मग हात झटकत म्हणाली, "मग तसं लिही त्याला. आणि घरी ये म्हणावं."

संध्याकाळी पाऊस आला. अंदाज चुकला असता तर? मी खिडकीत उभी राहून पावसाचे आभार मानले, आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

तात्या रविवारी आले ते थेट शेतावर. हातात प्रवासाची पिशवी तशीच. मुलगी आणि बाळ दोघं सुखरूप आहेत, हे मला नंतर त्यांच्या सुनेकडून कळलं. मोकळे वरंबे बघून ते जागच्या जागी थांबले.

"वा, डॉक्टरीणबाई. पेशंटच मारून टाकला."

मी कोपऱ्यातल्या बुजवलेल्या खड्ड्याकडे बोट केलं.

"घाबरलीस?"

"हो."

"खोटी पडशील म्हणून?"

"तुमच्याकडे जाईल म्हणून."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. बांध ओलांडला आणि त्यांच्या पहिल्या ओळीत वाकले. एक पान उलटं केलं, मग दुसरं, मग पुढचं झाड. मीही पलीकडे गेले, दुसऱ्या ओळीला लागले. आम्ही दोघं शेताच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. डाग नव्हते. अजून नाहीत. येणार नाहीत असं मी त्यांना म्हटलं नाही.

"सभेत मी काही बोलू शकणार नाही," ते म्हणाले. "मी पाहिलं नाही ते पाहिलं कसं म्हणू?"

"नका म्हणू."

"मग तुला काय मिळालं?"

ते पिशवी उचलून गेले. मी रिकाम्या वरंब्यांत उभी राहिले. पावसाने माती दबून बसली होती आणि त्यात आईच्या सरकत गेलेल्या खुणा दिसत होत्या. खरं सांगू? तू गेलास त्या दिवसापेक्षाही तेव्हा एकटं वाटलं. त्या दिवशी निदान मी बरोबर आहे असं वाटत होतं.

काल दिवे लागायच्या वेळी तात्या दाराशी आले. आत आले नाहीत.

"ते साधं औषध. कधी मारायचं?"

"उद्याच. पानं कोरडी झाली की."

"आमचा पंप बिघडलाय."

त्यांचा पंप बिघडलेला नाही. त्या दिवशी नवाकोरा चालत होता. मी म्हटलं, "आमच्याकडे एकच आहे."

"माहीत आहे कोणता ते." ते उंबऱ्याकडे बघत होते. "पाणी मी ओतणार. औषधही मीच मोजणार."

"ओता. मोजा."

"आणि तो परत आला तर," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांना जमलं नाही. आई आतून म्हणाली, "चहा घ्या की, तात्या." ते म्हणाले, "उद्या. फवारून झाल्यावर."

म्हणून आज सकाळी मी तुझा पंप पाठीवर घेऊन तात्यांच्या शेतात उतरले. बांध ओलांडताना त्यांनी नळीचं तोंड स्वतः उचलून धरलं, झाडांना लागू नये म्हणून. पाणी त्यांनी ओतलं, मोजून. सबंध शेत झालं. चहा घ्यायला ते आले आणि कप स्वतः विसळून ठेवला.

पंप धुऊन उलटा ठेवलाय, तू ठेवायचास तसा. पट्टा माझ्या मापाने कापून घे असं तात्या म्हणाले, कात्रीही देत होते. मी कापला नाही. खांद्याजवळ गाठ मारली आहे. सोडली की तुझ्या मापाचा होतो.